आत्याचं हक्कसोडपत्र

आमच्या घरात काही रंगवून सांगायचं झालं की मला पुढे करतात. बारसं असो, नाहीतर तेरावा. या गुणाचा मी आयुष्यात एकदाच कामासाठी उपयोग केला. केला नसता तर बरं झालं असतं.

आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, कॉलेजात फ्रेंच शिकवायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. सदाशिव पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहायची. मटार सोलता सोलता आम्हा भाचरांना ती गॅस्कनी नावाच्या फ्रेंच मुलखातल्या एका जुन्या जहागीरदारणीची गोष्ट सांगायची. बापामागे जहागीर तिला मिळाली. तिने पाच लग्नं केली. मग लेकी, जावई, नातवंडं अशी भांडली, की शेवटी राजानेच सगळं गिळलं. आम्हाला अर्थातच पाच नवऱ्यांत रस.

आजोबांनी खराडीला जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. तेव्हा लोक हसले होते. पुढे तिथे कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठल्या, बिल्डर आला, आणि सगळ्या वारसांच्या सह्या हव्या झाल्या. नेमकं त्याच सुमारास आत्याच्या घरमालकाने तिला खोल्या रिकाम्या करायला सांगितलं.

ती वडिलांना म्हणाली, "मला त्यात एक खोली आणि स्वयंपाकघर दे. बाकी सगळं तुझं."

"ताई, बहिणी साडीचोळी घेतात. फ्लॅट नाही मागत."

"मग साडी तूच नेस. तुला शोभेल."

बोलणं तिथेच थांबलं. महिन्याभराने हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन मला धाडण्यात आलं.

मी म्हटलं, "आत्या, तुझीच गोष्ट बघ. सगळे हक्क सांगत बसले आणि राजा घेऊन गेला. आपल्याकडे राजा म्हणजे कोर्ट. निकाल लागेपर्यंत आपण कोणी उरणार नाही." मग मी पाचव्या नवऱ्याची नक्कल केली, मिशीसकट. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिची जागेची चिंता मला माहीत होती. तरी ते हसणं मी होकार म्हणून घरी घेऊन गेलो.

मसुद्यात 'स्वखुषीने' लिहिलं होतं. तिने ष खोडून श केला. बाकी कशालाही हात लावला नाही.

दोन दिवसांनी रजिस्ट्रारसमोर सही झाली. परतताना रिक्षात ती म्हणाली, "छान सांगतोस रे. फक्त एक गाळलंस."

"काय?"

"भांडणं ती गेल्यावर झाली. ती होती तोवर जहागीर तिचीच होती."

मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं. उजवीकडे वळायचं होतं.

खोल्या सोडून आत्या आमच्याकडे आली, नारायण पेठेत. हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. कोणी उठायच्या आत अंथरुणाची घडी करून ठेवायची. टीव्ही लावायचा तर माझ्या बायकोला विचारायची. बायको म्हणायची, "अहो आत्या, विचारता काय?" तरी दुसऱ्या दिवशी विचारायचीच. पाहुण्यांनी कधी विचारलं, "आपण इथेच असता का?" तर माझ्याकडे न बघता म्हणायची, "सध्या."

सहा वर्षं, जाईपर्यंत, ती सध्याच होती.