बारा फुटांवरचा चाफा

“पोरगी बोलत नाई जी, पन मोजते बराबर,” मिस्त्री आईला म्हणत होते. मला ऐकू जात नाही असं त्यांना वाटलं असावं. मी मागच्या बागेच्या चढावर उकिडवी बसून खुंटीला दोरी बांधत होते.

“इंग्रजी शाळेत घातली अन् बोलणंच विसरली,” आई म्हणाली. “बापावर गेली आहे.”

अमरावतीच्या आमच्या घरामागची जमीन कुंपणाकडे चढत जाते. बाबांच्या चाफ्याला पाणी घालताना आई गेल्या महिन्यात घसरली आणि मनगट मोडून बसली. म्हणून ती जमीन सपाट करायची होती. बाहेरून माती आणायची नाही, वरची काढून खाली टाकायची, असं मिस्त्रींनी ठरवलं. किती काढायची, तो हिशेब माझ्याकडे आला.

लांबी चोवीस फूट, रुंदी वीस, वरचं टोक खालच्यापेक्षा तीन फूट उंच. मधोमध, बारा फुटांवर, जमीन आहे तशीच राहणार. त्याच्या वर खोदाई, खाली भराव. कुंपणापाशी दीड फूट, मध्यावर काहीच नाही, म्हणजे सरासरी पाऊण. एकशेऐंशी घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास.

“पावनेदोन ब्रासच्या वर थोडी,” मिस्त्री म्हणाले. “खोदली का फुगते, धुम्मसनं ठोकली का बसते. जमते.”

त्यांनी मधोमध दोरी ताणली. ती चाफ्याच्या बुंध्याला टेकली.

“पाहा ताई, साहेबाले धक्काच नाई. इथं काढनं नाई, टाकनं नाई.”

आई प्लास्टरचा हात सांभाळत तिथवर गेली. “त्यांना जागचं हलायचंच नव्हतं,” ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली.

मी वही मिटली.

बाबांची राख नदीत सोडायची नाही, घरच्याच मातीत घालून वर झाड लावायचं, हे आईनेच ठरवलं होतं. मी एकुलती एक. खड्डा मीच खणला, कुंपणापासून चार फुटांवर. खाली मुरूम लागला, कुदळ परत येऊ लागली, तेव्हा फूटभर खोलीवरच थांबले, राख घातली आणि वर चाफ्याचं रोप लावलं. आई त्या दिवसांत पुढच्या खोलीतून उठत नव्हती. तेरावं झाल्यावर मामा तिला अकोल्याला, जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी घेऊन गेले. पाणी घालणं माझ्याकडे होतं. मे महिना होता. चार दिवस मी खोलीबाहेर आलेच नाही, कुणी विचारायलाही नव्हतं. पाचव्या दिवशी रोप काडीसारखं मोडलं.

राजापेठेतून तेवढंच दुसरं आणलं. त्याच जागी पुन्हा खणलं असतं तर राख वर आली असती. म्हणून आठ फूट खाली, मऊ मातीत लावलं. आई परतली तेव्हा त्याला नवी पानं फुटली होती. तिने पहिलं पाहिलंच नव्हतं.

तीन वर्षं ती रोज सकाळी त्या झाडाशी बोलते. सिलिंडर संपलं, मामाचा फोन आला, पोरगी अजून गप्पच असते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कपात चहा गाळत सगळं ऐकते. दर वेळी वाटतं, आज नको.

मिस्त्रींनी वरच्या बाजूला चुन्याची खूण केली. कुंपणापासून चार फूट. “इथं किती खोल, बाई?”

वही उघडायची गरज नव्हती. “एक फूट,” मी म्हणाले.

त्यांनी टिकास उचललं. आई खालून, चाफ्यावर हात ठेवून ओरडली, “सावकाश हो! दगड इकडे येऊ देऊ नका, त्यांना लागेल.”

“थांबा,” मी चुन्याच्या खुणेवर जाऊन उभी राहत म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. मिस्त्रींनी टिकास खाली ठेवलं. आई माझ्याकडे पाहत होती.

“आई, ते झाड नंतरचं आहे. पहिलं माझ्या हातून वाळलं. बाबा इथे आहेत, माझ्या पायाशी.”