खाकरून वाचणाऱ्या बोर्डबाई

कुलपांच्या त्या कारखान्यातलं सगळ्यात पक्कं कुलूप कुठल्याही यंत्रावर तयार झालेलं नव्हतं. ते बोर्डबाईंच्या तोंडाला होतं.

सत्तावीस वर्षं बाईंनी कारखान्याचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची फळी, हातात वायरी. त्या वायरींतून दोन लग्नं जुळली, एक मोडलं, एका फोरमननं रागाच्या भरात सात वेळा राजीनामा दिला आणि सातही वेळा परत घेतला. बाईंच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नाही.

मात्र त्यांचा एक नेम होता. बोलणं संपलं का, हे पाहायला बोर्डवाल्याला मधूनमधून लाइनवर डोकवावंच लागतं. बाई डोकावण्याआधी खाकरायच्या. "ख्ख!" झालं, की बोलणारा सावध व्हायचा. "थांब रे, बोर्डबाई आल्या," म्हणून गप्प राहायचा. दुसऱ्याच्या घरात शिरताना माणूस दारात खाकरतो, मग दुसऱ्याच्या बोलण्यात शिरताना का नको, एवढं साधं त्यांचं म्हणणं.

आता अशा बाईची गाठ देवानं कोणाशी मारावी? न्हाव्याशी! त्यांच्या नवऱ्याच्या सलूनमध्ये कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची. कोणाचा जावई रुसलाय, कोणाची म्हातारी कोणाकडे राहायला तयार नाही, हे सगळं एका दाढीच्या भावात मिळायचं. फक्त कुलूप कारखान्याचा माल त्याच्या दुकानात कधी आला नाही.

"आज काय ऐकलंस?" तो रोज जेवताना विचारायचा.

"रिंग."

"आणि?"

"एंगेज."

"अगं, माझ्यासारख्या माणसाच्या घरात तुझ्यासारखी बाई म्हणजे हलवायाच्या घरी मधुमेह," तो म्हणायचा आणि हात धुवायला उठायचा.

पुढं खिशाखिशात फोन आले. बोर्ड मुका झाला. म्हाताऱ्या मालकांच्या खुर्चीवर त्यांचे चिरंजीव बसले, त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत. मुका बोर्ड बाईंच्या खोलीतच राहिला. त्याच्या कडेवर चहाचे कप, नमुन्यांची कुलपं आणि किल्ल्यांचे जुडगे पडलेले असत. बाईंपुढं कॉम्प्युटर आला. धाकट्या साहेबांनी सगळ्या कारखान्याला चॅटवर आणलं: स्टोअर, पेंट, पॅकिंग, सगळे एकमेकांना तिथंच लिहू लागले.

मग एक दिवस पलीकडच्या कारखान्यानं अगदी यांच्यासारखंच नवं कुलूप महिनाभर आधी बाजारात आणलं. "कुलूप कुलपासारखं नाही दिसणार, तर काय कढईसारखं दिसेल?" असं हेडमिस्त्री म्हणाले. पण धाकट्या साहेबांना खात्रीच झाली, की आतूनच कोणीतरी फितूर आहे. त्यांनी एक प्रोग्राम आणला. चॅटमध्ये संशयाचे शब्द आले, की तो ते बोलणं बाजूला काढणार. आणि ते वाचायचं कोणी?

"तुम्ही," धाकटे साहेब बाईंना म्हणाले. "पण कोणाला कळता कामा नये."

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बाई बरं म्हणाल्या आणि बसल्या वाचायला.

संशयाच्या शब्दांत पहिला शब्द होता 'चावी'. दुसरा, 'कोणाला सांगू नका' किंवा 'नको'. कुलपांच्या कारखान्यात 'चावी'वर नजर ठेवायची म्हणजे पोहणाऱ्याच्या अंगावरचं पाणी पुसायचं! दुपारपर्यंत तीनशे चाळीस बोलणी जमली. त्यात फितूर कोणी दिसेना. पेंटवाल्याला मूळव्याध असल्याचं दिसलं. पॅकिंगवाली पोरगी दुसरीकडं मुलाखत देऊन आल्याचं दिसलं. धाकटे साहेब चालताना बदकासारखे दिसतात, यावर स्टोअर आणि पेंट या दोन खात्यांचं इतिहासात पहिल्यांदा एकमत झालेलं दिसलं.

बाईंचे कान गरम झाले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या न खाकरता आत शिरल्या होत्या. त्यांनी पदर सावरला, पेंटवाल्याचं बोलणं पुन्हा उघडलं आणि खाली एका बोटानं टाईप केलं: "ख्ख. बोर्डबाई."

मग राहिलेल्या तीनशे एकोणचाळीस ठिकाणीही खाकरल्या.

कारखान्यात हलकल्लोळ! पेंटवाला दोन दिवस बाईंच्या समोरून गेला नाही. पॅकिंगवालीनं येऊन विचारलं, "बाई, तुम्ही वाचलंत?"

"वाचलं. म्हणून तर खाकरले."

"साहेबांना सांगणार?"

"तू नोकरी शोधतेस, चोरी करत नाहीस. मला फितूर शोधायला बसवलंय, मुलाखती मोजायला नाही."

तिसऱ्या दिवशी धाकटे साहेब स्वतःच खोलीत आले. हातातला जुडगा गरागरा फिरवत म्हणाले, "बाई, ही गुप्त पाहणी होती! गुप्त! तुम्ही तर दवंडी पिटलीत!"

"साहेब, न खाकरता मी कधी लाइनवर गेले नाही."

"ते जुनं झालं. आता पुन्हा एकदा जरी खाकरलात, तर हे काम बाहेरच्या कंपनीला देतो. ते लोक खोकतसुद्धा नाहीत. मग तुम्हाला इथं ठेवून मी काय करू, ते तुम्हीच सांगा." हातातला जुडगा बोर्डवर आपटून ते तरातरा निघून गेले. बदकासारखे, हे बाईंच्या मनात आलंच; वाचलेलं काही पुसता येत नाही.

घरी त्या रात्रीच्या जेवणात "आज काय ऐकलंस"ला उत्तरच आलं नाही. नवऱ्यानं ताटातून मान वर केली. "एंगेजसुद्धा नाही? अगं, बरं वाटतंय ना तुला?" आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला प्रोग्रामनं एक बोलणं बाजूला काढलं. लाल खूण, तीही दुहेरी. 'चावी'ही होती आणि 'कोणाला सांगू नको'ही.

"कोणाला सांगू नको, तिजोरीची चावी परत हरवली. लाल दोऱ्याचा जुडगा. घरी राहिलाय का बघ. बाबांना कळलं तर म्हणतील, कुलूपवाल्याच्या पोटी..."

लिहिणारे धाकटे साहेब. ज्यांना लिहिलं, त्या त्यांच्या बायको.

बाईंनी वर पाहिलं. मुक्या बोर्डवर, चहाच्या कपाशेजारी, लाल दोऱ्याचा जुडगा पडला होता. अशा खोलीत एक जुडगा जास्त झाला तर कोणाच्या लक्षात येतो?

आता आली का पंचाईत! चावी नेऊन द्यावी, तर ती यांची हे कळलं कुठून? लाइनवर ऐकलेलं वापरायचं नाही, हा तर नेमच. खाकरावं, तर नोकरी जाते. गप्प बसावं, तर... बाईंनी तेही करून पाहिलं. पाच मिनिटं गप्प बसल्या. ती पाच मिनिटं त्यांना उंबऱ्याआड कान लावून उभं राहिल्यासारखी गेली. शेवटी त्यांनी एका बोटानं टाईप केलं:

"ख्ख. बोर्डबाई."

तीन मिनिटांत धाकटे साहेब दारात! चेहरा लोखंडाला पहिला हात देतात त्या लाल रंगाचा.

"तुम्ही माझंही वाचता?"

"प्रोग्राम साहेब आणि शिपाई ओळखत नाही."

"आणि वर खाकरता? गप्प बसला असतात, तर मला कळलंही नसतं!"

"तेच ना," बाई म्हणाल्या.

धाकटे साहेब खुर्चीवर बसले. बायकोला आणखी काय काय लिहिलं आहे, ते बहुधा आठवत असावेत. बराच वेळ आठवत होते.

"कुठंवर वाचलंत?"

"कुलूपवाल्याच्या पोटीपर्यंत."

"मग चावी कुठं आहे, माहीत असेल तर सांगा ना!"

"मला कुठं विचारलंत? तुम्ही वहिनींना विचारलंय."

साहेबांनी घाम पुसला. मग शाळेतल्या पोरासारखे हळूच म्हणाले, "बोर्डबाई, माझी चावी पाहिलीत का हो कुठं?"

"इश्श, ही काय!" म्हणून बाईंनी लाल दोऱ्याचा जुडगा त्यांच्या हातावर ठेवला. "काल तुम्हीच आपटून गेलात."

धाकटे साहेब हसले. आधी नाकातून, मग पोटातून.

सोमवारी फाटकाजवळच्या फळ्यावर सूचना लागली: चॅटमधले कुठले शब्द तपासले जातात, त्यांची यादी; तपासणार बोर्डबाई; आणि वाचलं की खाकरणार. हेडमिस्त्रींच्या आग्रहावरून 'चावी' यादीतून वगळली. फितूर काही सापडला नाही. पॅकिंगवालीनं साहेबांना स्वतःच जाऊन सांगितलं आणि महिन्यानं दुसऱ्या नोकरीवर गेली. जाताना बाईंच्या पाया पडली. पेंटवाल्यानं मात्र चॅटवर मुद्दाम लिहिलं, "कोणाला सांगू नका. बोर्डबाई, लाइनवर असाल तर मूळव्याधीवर काही औषध ठाऊक आहे का?" बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. विचारल्यावर सांगितलं.

"आज काय ऐकलंस?" नवऱ्यानं जेवताना विचारलं.

"रिंग."

"आणि?"

बाईंना हसू फुटलं. घशाशी आलेलं सगळं त्यांनी भाताच्या घासाबरोबर गिळलं.

"एंगेज," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि हात धुवायला उठला.