आबासाहेबांचा पहिला नंबर

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. नळाला पाणी उशिरा आले. सम्राट चहा घेऊन कामाला लागला. मशीनला वीज दिली. धूर निघाला, बोर्ड गेला. दुपारी जेवले नाही.

एवढंच लिहून पुष्पावतीबाईंनी पेनाला टोपण लावलं. रागाच्या दिवशी त्यांची नोंद आखूडच असे. लिहिलेलं खोडायचं नाही, ही कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली शिस्त. तेव्हा भलतंसलतं काही उतरण्याआधी वही मिटलेली बरी.

राग सम्राटवर होता, आणि सम्राटवर रागावणं हे मोठं कठीण काम. सावेडीतल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको वृषाली भाड्यानं राहत. मूळचा पारनेर तालुक्यातला. आयटीआय करून सुप्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला, तो तिथंच टिकला. दिवसभर विजेची पॅनेलं बांधायची आणि घरी येऊन बाईंचा गीझर, बाईंची घंटा, बाईंचा पंखा. माणूस असा की नाही म्हणायचं असलं तरी तोंडातून हो बाहेर पडायचं.

म्हणूनच बाईंनी त्याला हे जुन्या मशीनचं काम सांगितलं होतं. फार वर्षांपूर्वी बाईंचे यजमान आबासाहेब श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात हिशेबनीस होते. कारखान्यानं जुने कॉम्प्युटर काढून टाकले, तेव्हा एक त्यांनी घरी आणला. त्यात कामाचं काही नव्हतं, एक होडीचा खेळ मात्र होता. वरून पेट्या पडत, खाली होडी डावी-उजवीकडे सरकवून त्या झेलायच्या. रात्रीची जेवणं झाली की नवरा-बायको पाळीपाळीनं बसत. पहिल्या नंबरावर सदैव आबासाहेब. इंग्रजीत तीनच अक्षरं मावत, एबीए. दुसऱ्या नंबरावर बाई.

"बाई, शाळेत पोरांना नापास करता ते ठीक," आबासाहेब म्हणत, "पण इथं तुम्हीच वर्षानुवर्षं त्याच इयत्तेत."

पुढं कॉम्प्युटर बंद पडला, मग आबासाहेबही गेले. त्याचा डबा गंजून भंगारात गेला. आतला बोर्ड आणि खेळाची डिस्क तेवढी कापडात गुंडाळून माळ्यावर राहिली. बाईंना त्या गाठोड्याची आठवण दिवाळीच्या सुमारास झाली, कारण डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत राहील, कडेचं हळूहळू कमी होत जाईल, म्हणाले. पेट्या सगळ्या कडेनंच पडत. बाईंनी हिशेब केला, आबासाहेबांना हरवायचं तर आत्ताच.

सम्राटनं पॅनेलचा जुना पत्र्याचा डबा आणून त्यात सगळं बसवलं. दाराला कडी, आत पंखा, बाहेर मोटर-स्टार्टरचं हिरवं बटण. कुणी पाहिलं असतं तर विहिरीवरची मोटर चालू करायचा डबाच वाटला असता.

त्या रविवारी घोळ झाला तो वायरींचा. वीज देणाऱ्या डब्यातून बोर्डाकडे दोन जोडण्या येतात आणि शेजारी शेजारी बसतात. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून याव्यात, असा नियम. सम्राटच्या पॅनेलात काळी म्हणजे न्यूट्रल, विजेच्या परतीची वायर, आणि न्यूट्रल कायम पट्टीच्या टोकाला, बाकीच्यांपासून लांब. त्याच्या हातानं त्याला विचारलंच नाही. काळ्या वायरी दोन्ही टोकांना गेल्या.

"चुकलं, बाई. हाताला वळण पडलंय त्याचं."

"हाताला वळण पडलं, पण डोळे होते ना तुला?"

"हुते की. डोळे बी पॅनेलचेच हायेत."

जिन्यावरून वृषालीनं भर घातली. "माझा मिक्सर दसऱ्यापासून बंद पडलाय बाई, त्याला हात लावायला वेळ न्हाई. तुमचा कॉम्प्युटर जाळायला बरा मिळाला."

मग महिनाभर नुसता मनस्ताप. कानिफनाथ भंगारवाल्याकडून सम्राटनं दुसरा बोर्ड आणला. "ह्यो त्याचा धाकटा भाऊ हाय," सम्राट म्हणाला. "जुनी डिस्क घेतोय बगा." पहिल्यांदा मशीन नुसतंच शिट्ट्या मारत बसलं. मग कीबोर्ड सापडत नाही म्हणालं, कीबोर्ड तर समोर होता. मग डिस्क फिरेना. सम्राटनं डिस्कच्या वायरींची चपटी पट्टी उलटी लावली होती. ती सुलटी केली तर पडदा काळा. बाई रोज संध्याकाळी कंपनीची बस यायच्या वेळी फाटकाशी उभ्या राहायच्या, आणि सम्राट बसमधून उतरताच मान खाली घालून चालू लागायचा. एकदा तर तो मागच्या बोळातून घरी गेला.

शेवटी एका रविवारी डिस्क कुरकुरली, पडदा उजळला आणि निळ्या पाण्यावर होडी आली. खालोखाल यादी आली. एबीए पहिला. बाई दुसऱ्या.

"बसलेत बघ अजून वर," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसून खुर्ची पुढं ओढली.

खेळ सुरू झाला आणि संपलाही. पेटी दिसायच्या आत पाण्यात गेली होती. बाईंनी पुन्हा बसून पाहिलं. पुन्हा तेच. सम्राटनं बसून पाहिलं, त्याचंही तेच.

"धाकटा भाऊ लई पळतोय," सम्राट म्हणाला. "जुना बोर्ड हळू हुता. खेळ बोर्डाच्या पायानं चालतोय बाई, स्वतःच्या न्हाई. वेग निम्मा करायलाच तर ते हिरवं बटण ठेवलंय."

त्यानं हिरवं बटण दाबलं. आता लग्नात नवरी जिना उतरते तशा पेट्या उतरू लागल्या. बाईंनी एक झेलली, पदर सारखा केला, दुसरी झेलली. कडेची पेटी आली तरी मान वळवून बघायला वेळ होता. सम्राट मागं उभा राहून आकडा वाचत होता. चहा गार झाला. मग आबासाहेबांचा आकडाही मागं पडला.

पडद्यावर तीन रिकामी घरं आली. आत एक रेघ लुकलुकत होती.

"टाका नाव," सम्राट म्हणाला. त्याचा चेहरा महिनाभरानं उजळला होता. "जिकलं तुमी."

बाईंनी हात कीबोर्डवर नेला नाही. "मधला वेग नाही का रे?"

"न्हाई. एक तर हे, न्हाईतर ते."

"त्यांचा वेग होता तो मधला."

"हुता. त्या बोर्डात हुता." सम्राटनं खाली पाहिलं. मग म्हणाला, "बाई, टाका की. आबासाहेब काय बघायला येत्यात का?"

"ते आले असते तर टाकलं असतं," बाई म्हणाल्या. "भांडता तरी आलं असतं. माघारी कसं टाकू? अर्ध्या वेगात तर तुझ्या वृषालीचा मिक्सरपण जिंकेल."

"तसलाच बोर्ड शोधतो मी. कानिफनाथला सांगून ठिवलंय."

"शोध. पण माझे डोळे काही त्याच्यासाठी थांबायचे नाहीत."

बाईंनी कीबोर्डला हात न लावताच सांगितलं, बंद कर. त्यानं एकदा त्या रिकाम्या घरांकडे, एकदा बाईंकडे पाहिलं आणि स्विच खाली केला. पडदा विझला. बाईंचा आकडा कुठंच राहिला नाही, आबासाहेब पहिल्या नंबरावरच राहिले. सम्राट चहाचे कप उचलून मोरीत ठेवायला गेला. बाई त्याला नको म्हणाल्या नाहीत, एरवी म्हणत.

त्या संध्याकाळी वहीत मशीनचं काही आलं नाही. एवढंच आलं: मुगाची खिचडी केली. पापड सादळले आहेत, उद्या गच्चीवर उन्हात घालणे.