कुटाराच्या खोलीतला देव

आमची म्हैस गव्हाचं कोरडं कुटार, म्हणजे भुसा, नाकानं ढकलून बाजूला सारायची. मोताळ्याला एका प्रशिक्षणात मला कळलं की कुटार उकळून, निववून त्यात धिंगरी अळिंबीचं बियाणं मिसळलं की पांढरी बुरशी चढून ते मऊ होतं आणि जनावर आवडीनं खातं. मी ते पिशव्यांत भरून गोठ्यामागच्या अंधाऱ्या खोलीत टांगलं आणि घरात फर्मान काढलं. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊनच आत जायचं, उगाच दार उघडायचं नाही.

आठ दिवसांत उंबरठ्यावर हळदकुंकू दिसलं. दहाव्या दिवशी आत उदबत्ती! माझं डोकंच फिरलं.

"आई, हे बुरशी हाय, देव नाही!"

"मंग चपला काऊन काढाले लावतं?"

मी उदबत्ती तेवढी विझवली.

महिनाभरात कुटार कापसासारखं पांढरं झालं. घमेलंभर म्हशीपुढे ठेवलं. तिनं हुंगलं, मला एकदा न्याहाळलं आणि घमेलं चाटूनपुसून साफ केलं. मी छाती फुगवून आईकडे वळलो, तर ती खोलीकडे तोंड करून हात जोडून उभी.

"पावला रे बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू दारात हजर. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात त्यांच्या म्हशीचा दोर. चपला तर त्या घरीच काढून आल्या होत्या.