चार स्क्रू आणि गावंडेसाहेबांची कंबर

चौथ्यांदा स्क्रू तुटला तेव्हा चाळणीची पट्टी ऑपरेटरच्या कानाजवळून गेली. अंजनगावच्या गिऱ्हाइकानं मशीन परत न्या म्हणून सांगितलं आणि गावंडेसाहेबांनी मला अमरावतीहून अकोल्याला बोलावलं. ते दालमिलच्या मशीन बनवतात. कुठला भाग किती जोर सोसेल हे काढणं माझं काम.

पट्टीला चार काउंटरसंक स्क्रू होते. अशा स्क्रूचं डोकं शंकूसारखं निमुळतं असतं, पत्र्यात सपाट बसतं. वर आलेल्या डोक्याला डाळ अडते, म्हणून हे लावलेले. चाळणी हलली की पट्टी त्यांना आडवं कापू बघते. त्या जोराला शिअर म्हणतात.

साहेबांनी दोनदा स्क्रूची कंपनी बदलली होती. “चार स्क्रू म्हंजे चौपट ताकद. मालच डुप्लिकेट येऊन राहिला, मॅडम.”

मी मापं घेतली. एक भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं होतं. साध्या बोल्टला भोकात थोडी जागा असते, तो जुळवून घेतो. शंकूचं डोकं मात्र आपल्या खळग्यात घट्ट बसतं, हलत नाही; मग सगळा जोर त्या सरकलेल्या भोकातल्या एकट्या स्क्रूवर येतो. हे मी दोनदा समजावलं. साहेबांनी दोनदा चहा मागवला.

मग मी आवारातल्या लोखंडी ट्रॉलीला चार दोर बांधले. प्रत्येकाचं दुसरं टोक एकेकाच्या कमरेला. फोरमन इंगळे, दोन फिटर आणि हौसेनं पुढं झालेले स्वतः साहेब. अट एकच, चौघांनी खांद्याला खांदा लावून एका रेघेत चालायचं. साहेबांचा दोर मी वीतभर आखूड बांधला होता. हे मी कोणाला सांगितलं नाही.

दोन पावलांत साहेब लालबुंद झाले. ट्रॉली जागची हलेना.

“तुमी तिघं ओढून राहिले का नाही?”

इंगळे शांतपणे म्हणाले, “सायेब, आमचे दोर ढिलेच हायेत.”

साहेबांनी दोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “म्हंजे तुटला तो स्क्रू मी?”

मी मान डोलावली. फिटर दुसरीकडं बघत होते.

पट्टी जाड केली, कारण पातळ पत्र्यात खळगा आरपार जाऊन भोकाला सुरीसारखी धार आली होती आणि ती स्क्रूला कापत होती. शिवाय दोन गोल पिना घट्ट ठोकल्या. आडवा जोर पिनांनी घ्यायचा, स्क्रूंनी पट्टी नुसती धरून ठेवायची. त्यानंतर एकही स्क्रू तुटला नाही.

नव्या माहितीपत्रकात पिनांना ‘गावंडे तंत्रज्ञान’ म्हटलंय. माझं नाव नाही. स्क्रू मोजून ताकद ठरवू नये, एवढं मात्र अकोल्यात एका माणसाला कायमचं पटलंय.