सिगारेट महागली तेव्हाच्या बाळंतिणी

बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाई तपासायला झोपते, बीपीचा पट्टा दंडाला आवळतो, अन् ती आपोआप बोलायला लागते! आता रिटायर झाल्यावर मैत्रिणी म्हणतात, "सांग ना काहीतरी गमतीचं." मी सुरुवात गमतीनंच करते. तिसऱ्या-चौथ्या किश्श्याला त्याच म्हणतात, "बास गं."

आमच्या लातूरच्या डॉक्टरबाई बजेटच्या दिवशी ओपीडीत रेडिओ लावायच्या. सिगारेटवरचा टॅक्स वाढला की एकदम खूश! "सिस्टर, आपण घसा फोडून जे होत नाही ना, ते हा टॅक्स करतो. महागलं की सुटतं."

सुटायचंही कुणाकुणाचं. नाही असं नाही. पण मग शेवंता आली. सातवा महिना, अन् तोंडाला बिडीचा वास.

डॉक्टरबाई ओरडल्याच, "अगं, तू कधीपासून?"

"सिगरेट महागली तवापासून," शेवंता म्हणाली. "आमचे हे सिगरेट वढायचे. त्येला मला हात लावू देत नव्हते. आता परवडंना म्हून बिडीवर आलेत. बिडीचा कट्टा काय, चुलीपाशीच पडलेला असतोय!"

म्हणजे टॅक्सनं एकाची सोडवली अन् दोघांना लावली!

तिचं बाळ तळहातावर मावेल एवढं झालं. मी वजन लिहून घेत होते, तर तीच माझी समजूत काढत होती, "बारीक असलं की बाईला तरास होत न्हाई, सिस्टर."

*

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासेसचे बोर्ड लागत होते. अशाच एका क्लासच्या बायोलॉजीच्या सरांची बायको आमच्याकडं तपासायला यायची. चांगली शिकलेली. एकदा हळूच म्हणाली, "सिस्टर, रोज एखादी होते. बाथरूममध्ये. ह्यांना सांगू नका हं, बाळासाठी सोडली म्हणतात ते."

मी बाहेर आले तर व्हरांड्यात सर! "सिस्टर, हिला सांगू नका, पण माझी काही सुटली नाही. पाकीट स्कूटरच्या डिकीत लपवतो." अन् वर तक्रार, "टॅक्स वाढल्यापासून दुकानदारही बेइमान झालेत हो. प्रत्येक पाकिटात एखाद-दुसरी कमीच निघते!"

डॉक्टरबाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. खूप हसलो आम्ही त्या दिवशी.

मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. वाचली, पण बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. सर पेटीपुढं उभे राहायचे अन् तिची एवढीशी छाती वर-खाली होताना बघायचे. फळ्यावर फुफ्फुसाचं चित्र ते न बघता काढायचे म्हणे.

*

त्याच्या आधीची गोष्ट. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आमचे कॅम्प असायचे. तिथं गयाबाई भेटली. दोन लेकरं घराखाली गेलेली, अन् आता पुन्हा दिवस गेलेले. शेडच्या दारात बसून बिडी ओढत होती.

डॉक्टरबाई तिच्याजवळ खालीच बसल्या. "गयाबाई, पोटातल्याचा विचार कर की."

"त्येचाच करतीया, बाई. वढली न्हाई की मला थोरल्या दोघांच्या हाका ऐकू येतात. ह्यानं पोटातून ऐकल्या म्हंजी?"



*

पुढं माझी बदली नांदेडला झाली. तिथली खैरूनबी मांडीवर सूप घेऊन दिवसभर एका सेठसाठी बिड्या वळायची. पोट पुढं आलेलं, अन् खोकून खोकून जीव जायचा. मी रागावले की म्हणायची, "मैं कां पीती, सिस्टर? मैं तो खाली बनाती!"

नाकाला ओढणी बांध, खिडकीत बस, सगळं सांगून झालं. एका वर्षी बिडीवरही टॅक्स वाढला. मी आनंदानं तिला सांगायला गेले. म्हटलं, आता लोक सोडतील बघ.

खैरूनबीनं रिकामं सूप भिंतीला टेकवून ठेवलं होतं. म्हणाली, "पीनेवाले छोडे नहीं, सिस्टर. सेठ ने हमकू छोड दिया!"

*

अन् देगलूरकडची नरसम्मा. ती चुट्टा ओढायची, म्हणजे तंबाखूचं पान गुंडाळून केलेली जाड विडी. जळतं टोक तोंडाच्या आत धरून! पान नात्यातल्यांच्या शेतातलं. कुठलाच टॅक्स तिच्यापर्यंत पोचत नव्हता. तिची सून लक्ष्मी चुट्टा चुलीवर धरायची, स्वतः दोन-चार झुरके मारून पेटवायची अन् मग सासूच्या हातात द्यायची. लक्ष्मीची दोन बाळंतपणं वाया गेली होती.

तिसऱ्या खेपेला मी नरसम्माला सरळ सांगितलं, "हा धूर नातवाला लागतोय."

"माझ्या सासूचा मी पेटवायची," ती फणकारली. "माझी पाची जगली!" अन् उठून गेली.

पुढच्या तपासणीला लक्ष्मी हसतच आली. "अत्तानं चुट्टा सोडला!" सासूला ती अत्ता म्हणायची. "दिसभर तोंडात चिंचोका धरतात. भांडतात लई, पण सोडला."

नरसम्मानं खरंच पाळलं. शेवटपर्यंत.

दिवस भरल्यावर एका दुपारी लक्ष्मी मोकळी झाली. मुलगा होता. रडला नाही. आम्ही बरेच प्रयत्न केले.

मी बाहेर आले. नरसम्मा पायरीवर बसली होती. माझ्या तोंडाकडं बघूनच समजली. रडली नाही. तिनं कमरेची चंची सोडली, त्यातून एक वाळून कडक झालेला चुट्टा काढला अन् हातात धरून ठेवला.

"सिस्टर," ती म्हणाली, "आता वढू का?"