पायाळूचा पाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा धड नाही — तिथंही शब्द घशाशी आले की मी घाईघाईनं आरती सुरू करायची. तुम्हांला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि समजा ओळखत असलात, तर जिला ओळखत होतात ती बाई वेगळी, एवढं धरून चाला.

पाठीच्या दुखण्याची गोष्ट आहे. माझ्या नव्हे. माझी पाठ अजून ठणठणीत आहे. या वयातही खाली वाकून रांगोळी काढते. लोक त्याचं कौतुक करतात, तेव्हा कुठं बघावं ते मला कळत नाही.

साठ सालाच्या आगेमागे आम्ही बंगलोरला राजाजीनगरात राहत होतो. घरात माणसं चार — मी, माझे यजमान, त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, आणि माझी जाऊ. जावेला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायची. त्यांचं माहेर बंगलोरातलंच, तीन पिढ्या तिथं राहिलेलं. मी निपाणीकडची, मॅट्रिक झालेली, नवीन नवीन सून. दोघे भाऊ एकाच सरकारी कारखान्यात होते. शेजारीपाजारीही सगळे कारखान्याचेच — आठ-आठ तास यंत्रापुढं उभे राहायचे, लोखंड उचलायचे. त्यामुळे गल्लीत पाठ न दुखणारा पुरुष विरळाच. आज याची उसण, उद्या त्याची चमक, कुणी एका कुशीवर वाकडा होऊन बस पकडतोय. तेल, शेक, ओव्याची पुरचुंडी — घरोघरी तोच वास.

माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. शेजारच्या कमलम्माचा नवरा सकाळी वाकला तो वाकलेलाच राहिला. कमलम्मा आमच्या दारात येऊन रडायला लागली. अक्का हळहळून म्हणाल्या, "माझी आजी सांगायची, पायाळू माणसाचा पाय लागला की उसण पळते. आता या गावात पायाळू कुठनं आणायचं?"

मी आत भाजी ढवळत होते. तिथूनच म्हणाले, "मी आहे की."

तीन शब्द. मी पायाळू नव्हते. पायांकडून जन्मलेलं माणूस ते पायाळू. मी डोक्याकडून आले, सगळ्यांसारखी. सुईण हातपाय धुऊन येईपर्यंत मी बाहेर होते, इतकी सरळ सुटका — आई हे कौतुकानं शंभर वेळा सांगायची. मग मी असं का म्हणाले? खूप विचार केला आहे. त्या घरात मला कुणी छळलं नाही. अक्कांनी तर कधी आवाज चढवला नाही. पण मला विचारून त्या घरात मीठसुद्धा पडत नव्हतं. मी असले काय, नसले काय! आणि एकदम समोर जागा रिकामी दिसली — पायाळूची — आणि मी जाऊन बसले. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. नाही.

कमलम्माच्या नवऱ्याला पालथं झोपवलं. मी त्याच्या कमरेला उजव्या पायाचा तळवा तीनदा टेकवला. तिसऱ्या दिवशी तो सरळ उभा राहिला. उसण अशीही तीन-चार दिवसांत उतरतेच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं का? होतं. माहेरी पाहिलं होतं.

मग विचारू नका! रविवार-मंगळवारी सकाळी आमच्या पडवीत माणसं. "शांतक्का, स्वल्प पाय ठेवा" म्हणत कानडी, तेलुगू, तमिळ, सगळ्या घरची माणसं यायची. मोठमोठे फोरमन माझ्यापुढं पालथे पडायचे. मी — जिनं उंबरा ओलांडल्यापासून फक्त दुसऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं — त्यांच्या पाठीला पाय लावायची, आणि मग वडील माणूस म्हणून वाकून नमस्कार करायची. तो नमस्कार मी फार नम्रपणे करत असे. आतून उकळ्या फुटत असायच्या. भाजीत किती मीठ घालू, हे आता अक्का मला विचारायला लागल्या होत्या.

आणि एक सांगायला हवं. पायाळूवर वीज पडते म्हणतात. बंगलोरला चैत्र-वैशाखात संध्याकाळी आभाळ गडगडायला लागलं की अक्का हातातलं काम टाकून धावत यायच्या, मला दोरीवरच्या कपड्यांपासून ओढून आत न्यायच्या, पाटावर बसवायच्या आणि दार लावून घ्यायच्या. कपडे स्वतः भिजत काढायच्या. मी पाटावर बसून राहायची. दोन वर्षं हे चाललं.

दोन वर्षांनी अक्कांनाच धरलं. नळावरून भरलेला हंडा उचलताना कमरेत काहीतरी सटकलं, आणि दुखणं उजव्या कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीपर्यंत उतरलं. उसण वेगळी आणि हे वेगळं. बसता येईना, शिंकता येईना. शिंक येते म्हटलं की बाई आधीच डोळे मिटून भिंत धरायची. शिवाजीनगरात एक डॉक्टर होते, कुणीतरी नाव सांगितलं. भाऊजींची कारखान्यात पाळी होती, म्हणून मी घेऊन गेले. डॉक्टरांनी अक्कांना उताणं झोपवून पाय सरळ उचलला — वीतभर वर गेला नाही तोच अक्का किंचाळल्या. डॉक्टर म्हणाले, सायटिका. मग इंग्रजीत, माझ्याशी बोलले, कारण ते अक्कांना येत नव्हतं. तीन आठवडे फळीवर झोपवा. आणि रोज पायाचा अंगठा बघा. अंगठा वर उचलता येईना झाला, पाऊल बधिर झालं, तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्या. तेव्हा कदाचित दुखणं कमी होईल. त्यानं खूश होऊ नका — शीर मरायला लागली की दुखत नाही.

मला शब्दन्‌शब्द कळला होता. अजून पाठ आहे.

परतताना बसमध्ये मी अक्कांना फळीचं सांगितलं. अंगठ्याचं सांगणार होते. पण त्या घामाघूम होऊन, दांडा घट्ट धरून म्हणाल्या, "फळी कशाला गं? घरात तुझा पाय आहे की." आणि मी गप्प बसले. डॉक्टरांनी घातलेली भीती सांगितली तर माझ्या पायाची किंमत काय राहिली, असं काहीतरी मनात आलं. इतकं स्वच्छ आलं नसेल. पण आलं.

चार दिवस त्या फळीवर पडल्या. पाचव्या दिवशी पुरुष कामावर गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. कुशीवर वळताना त्यांना रडू फुटलं होतं. "शांते, ये. स्वल्प जोरानं टेक. सरी, बरोबर, असं." घरात आम्ही दोघीच होतो. तेव्हा सांगता आलं असतं ना? ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. अक्का रागावल्या असत्या, दोन दिवस बोलल्या नसत्या, आणि मग फळीवर पडून राहिल्या असत्या. एवढंच झालं असतं. मी पाय टेकवला. रोज टेकवला. त्या "अजून, अजून" म्हणत गेल्या तसा भारही दिला.

दहाव्या दिवशी दुखणं उतरलं. अक्का उठल्या, चालल्या, बसल्या. गल्लीभर सांगत सुटल्या — डॉक्टर तीन आठवडे म्हणाला होता, आमच्या शांतेनं दहा दिवसांत उठवलं! नारळ आणि खण देऊन माझी ओटी भरली. मोठ्या जावेनं धाकटीच्या पाया पडायचं नसतं, म्हणून नुसता माझ्या पावलांना हात लावून तो डोळ्यांना लावला. दुखणं कमी झालं तर खूश होऊ नका, हे ऐकलेलं माणूस त्या घरात एकच होतं, आणि ते खण घेऊन उभं होतं.

त्याच आठवड्यात आम्ही भाजीला निघालो. कोपऱ्यावर मला दिसलं की अक्कांची उजवी चप्पल मागं रस्त्यात पडली आहे आणि त्या एका पायानं अनवाणीच पुढं चालल्या आहेत. त्यांना पत्ताच नव्हता. मी चप्पल आणून दिली, तर हसायला लागल्या — "बघ की, बरं वाटलं त्या आनंदात चप्पलसुद्धा विसरले." मी खाली बसले. चप्पल घालून देते असं दाखवून त्यांच्या अंगठ्याला नख लावलं. चांगलं खोल रुतवलं. त्या भाजीवाल्याशी वांग्यांवरून हुज्जत घालत होत्या. त्यांना काही कळलं नाही.

म्हणजे मला माहीत होतं. मी भोळी होते, अडाणी होते, माझा स्वतःवरच विश्वास बसला होता — असलं काही नव्हतं. माझ्या हातात त्यांचा अंगठा होता आणि मला माहीत होतं.

त्यानंतर वीस दिवस मी बोलले नाही. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज कुणीतरी पडवीत पालथं पडलेलं असायचं, आणि अक्का त्याला स्वतःची गोष्ट सांगत असायच्या. चप्पल पुन्हापुन्हा निसटायला लागली. तेव्हा मी काय केलं? मोच्याकडे नेली आणि मागून टाचेला पट्टा बसवून आणला. अक्का म्हणाल्या, किती गं जपतेस मला!

एकविसाव्या दिवशी न्हाणीघराच्या पायरीला त्यांचं पाऊल अडकलं आणि त्या पडल्या. मग इस्पितळ. तिथल्या सर्जननी विचारलं, पाऊल असं लुळं कधीपासून पडलंय? मी म्हणाले, कालपासून, पडल्यामुळे. त्यांनी पाठीचं ऑपरेशन केलं. नंतर व्हरांड्यात मला म्हणाले, दुखणं आता येणार नाही, पण पाऊल उचललं जाणार नाही; शीर बरेच दिवस मेलेली होती, नुसतं पडून असं होत नाही. आणि माझ्याकडे बघत राहिले. मी फरशीकडे बघत होते. भाऊजी धावतपळत आले तेव्हा त्यांना मी सांगितलं — डॉक्टर म्हणतात, पडल्यामुळे झालं.

अक्का घरी आल्या. पोटरीला लोखंडी पट्टी, तिला चामड्याचे बंद. नळ बंद झाला, बाजार बंद झाला, देवळाच्या पायऱ्या बंद झाल्या. त्या चाळिशीच्याही नव्हत्या.

आता शेवटचं.

अक्का अशा झाल्यावर गल्लीत कुजबुज सुरू झाली. शांतक्काच्या पायानंच हे झालं, तिचा पाय बाधला. पडवीत कुणी येईना. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. पण अक्कांना ते सहन झालं नाही. एका रविवारी त्यांनी कमलम्माला सांगून आठ-दहा बायका बोलावल्या. सगळ्यांदेखत पट्टी सोडली, भिंतीला धरत खाली बसल्या, आणि कण्हत कण्हत पडवीत पालथ्या झाल्या. मान वळवून बायकांना म्हणाल्या, "हिच्या पायानं माझं दुखणं घालवलं. पडले ते माझ्या नशिबानं. पोरीवर बोट ठेवाल तर बघा." मग मला म्हणाल्या, "ये शांते. ठेव पाय."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. अक्का वाट बघत होत्या. त्यांचा उजवा पाय फरशीवर कसाही पडला होता.

मी पुढं झाले. लुगड्याच्या वर, कमरेला, टाक्यांची रेघ अजून लाल होती. मी त्याच जागी पाय ठेवला — एकदा, दोनदा, तीनदा — आणि मग वाकून त्यांना नमस्कार केला. अक्कांनी पडल्या पडल्याच आशीर्वाद दिला. पुढच्या मंगळवारी पडवी पुन्हा भरली.

अक्का त्यानंतर सव्वीस वर्षं जगल्या. आभाळ गडगडलं की घरातून लोखंडी पट्टीचा आवाज यायचा. त्या मला आत न्यायला येत असायच्या. मी जात असे.